नसता उद्योग

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ घड्याळे उघडतात. बंद पडलेली नव्हेत, चालू घड्याळे. रविवारी सकाळचा चहा झाला की ते टेबलावर पांढरे फडके अंथरतात, भिंतीवर बिचारे बिनचूक टिकटिकत असलेले घड्याळ उतरवतात आणि त्याचे चाक न् चाक सुटे करून ओळीने मांडतात. दुपारच्या जेवणापर्यंत ते पुन्हा जुळलेले असते आणि पूर्वीइतकीच बरोबर वेळ दाखवत असते. ‘मग यात मिळवलंत काय?’ असे कोणी विचारले, तर ते विचारणाऱ्याकडे मोठ्या करुणेने पाहतात. आमचे दुसरे एक स्नेही गुलाबावर डोळे भरतात. त्यांना फुलांची आवड आहे असे मात्र म्हणवत नाही. कारण भरलेला डोळा फुटून फूल आले, की त्यांचे त्या झाडावरचे लक्षच उडते.

मला घड्याळांचे भय वाटते आणि आमच्या गॅलरीत गुलाब जगत नाहीत. माझा नसता उद्योग निराळा आहे. मी एक संकेतस्थळ चालवतो.

‘चालवतो’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. हल्ली संकेतस्थळ पुष्कळांचे असते, जसे पुष्कळांचे बँकेत खाते असते. बँक कशी चालते याची खातेदाराला पंचाईत नसते. माझे तसे नाही. पाने माझी, ती ज्या यंत्रात ठेवली आहेत ते यंत्र माझे, आणि मागणाऱ्याला पान काढून देणारी जी आज्ञावली त्या यंत्रात अहोरात्र जागी असते, तीही मीच बसवलेली. तिला सर्व्हर म्हणतात. आपण वाढपी म्हणायला हरकत नाही. अमरावतीच्या किंवा टोरांटोच्या कोणी ‘अमुक पान वाढा’ म्हटले, की आत जाऊन ते आणायचे आणि त्याच्यापुढे ठेवायचे, एवढेच त्याचे काम. ‘पान’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे इतके चपखल बसतात, की ही सगळी कल्पना एखाद्या मराठी माणसालाच लग्नाच्या पंगतीत सुचली असावी असा मला संशय येतो.

यंत्र म्हणजे काही मोठे धूड असेल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. पत्त्यांच्या कॅटाएवढे ते आहे. त्याचे नाव ‘रास्पबेरी पाय’. शाळकरी मुलांनी खेळता खेळता संगणक शिकावा म्हणून इंग्लंडातल्या एका धर्मादाय संस्थेने ते २०१२ च्या फेब्रुवारीत विक्रीला आणले, आणि शाळा सोडून पन्नास वर्षे झालेल्या माझ्यासारख्या मुलांनीही ते उचलले. आमच्याकडे ते इन्व्हर्टरशेजारच्या फळीवर, पंचांग आणि विजेची बिले यांच्या संगतीत असते. त्याच्यावर मी लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी आहे: ‘हे यंत्र चालू आहे. कृपया बंद करू नये.’

ही चिठ्ठी उसनी आहे. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो एका काळ्या ‘नेक्स्ट’ संगणकावर. त्या वेळी सगळे वेब म्हणजे तेवढे एकच यंत्र. कोणी सहज बटण दाबले असते तर जगातले सगळे वेब मावळले असते! म्हणून त्यांनी त्यावर कागद चिकटवून लाल शाईने बजावले, की हा सर्व्हर आहे, बंद करू नका. पुढे १९९३ च्या एप्रिलमध्ये ‘सर्न’ने ती सारी आज्ञावली जगाला मोफत देऊन टाकली, म्हणून तर माझ्यासारख्याच्या फळीपर्यंत ती पोचली. तिकडे त्या चिठ्ठीला किती मान मिळाला कोण जाणे. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत मी जातीने फळीपाशी उभा राहतो.

आता त्या पानांवर आहे काय, हे सांगितले पाहिजे. नाहीतर वाढप्याचेच कौतुक व्हायचे आणि पानात काय वाढले ते राहून जायचे.

माझी आत्या संगमेश्वराकडच्या एका खेड्यात उभा जन्म राहिली. उतारवयात तिच्या ध्यानात आले, की सुट्टीला येणाऱ्या पोरांना तिचे निम्मे शब्द कळत नाहीत. ‘रोवळी आण’ म्हटले की ती परात घेऊन येत. तेव्हापासून तिने दोनशे पानी वह्यांत शब्द लिहून ठेवायला सुरुवात केली. मांगर, गडगा, पाखाडी, आढी, झेला, इरले, चूड, झाप. आधी शब्द, पुढे अर्थ, आणि अर्थाच्या पाठीमागे बहुधा कोणाची तरी हकीकत. ‘आढी’पुढे ‘आंबे पिकत घालण्यासाठी केलेला गवताचा थर’ एवढे लिहून ती थांबत नाही. कोणत्या साली कोणी आढीतले आंबे रात्री मोजले आणि सकाळी ते कमी कसे भरले, हेही तिला लिहावेसे वाटते. अशा तीन वह्या भरल्या, चौथी अर्धी राहिली. २००७ साली ती गेली.

मोल्सवर्थसाहेबाचा कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दात्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ त्यानंतर पाऊण शतकाने निघू लागला. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर घरबसल्या उघडता येतात. आत्याचे पुष्कळ शब्द तिथे आहेतही. पण तिथे ते फोटोला बसल्यासारखे पदर सावरून बसलेले असतात. आत्याच्या वहीत ते कामात असतात.

हे शब्द यंत्रात घालणे ही पहिली उचापत. पहिली वही मी २००१ साली, आत्या हयात असतानाच, उतरवून काढली होती. त्या काळचे मराठी टंक म्हणजे निव्वळ सोंग असे. यंत्राच्या पोटात साठत ती अक्षरे इंग्रजीच. वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. तोच टंक दुसऱ्याच्या संगणकावर नसला की मुखवटा गळून पडे आणि खाली इंग्रजी अक्षरांचा नि विरामचिन्हांचा पाचोळा दिसे. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरी अक्षरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक दिले होते. पण ते घरोघरच्या संगणकांत रुळायला बरीच वर्षे जावी लागली. ते रुळल्यावर जुनी वही नव्या क्रमांकांत आणायची म्हणून मी अक्षरागणिक एक तक्ता करायला बसलो, आणि आपल्या लिपीविषयी शाळेत कोणी न सांगितलेल्या गोष्टी मला तिथे कळल्या.

‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण जिभेवर ती ‘क’नंतर येते. जुने टंक डोळ्यांचे ऐकत: आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोड जिभेचे ऐकते. ‘धर्म’ मधल्या रफाराचे उलट. तो दिसतो ‘म’च्या डोक्यावर, पण उच्चारतो ‘म’च्या आधी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि प्रत्येक रफार उचलून मागे आणायचा. त्यात जोडाक्षर आले की आणखी पंचाईत. ‘स्थिती’ मधल्या वेलांटीला ‘स्थ’ अख्खा ओलांडावा लागतो. हे सगळे करणारी एक लहानशी आज्ञावली मी लिहिली आणि पंधरवडाभर नुसत्या वेलांट्या वाहत होतो. माहेरच्या वाटेवर म्हाताऱ्या बायकांना हात देऊन व्हाळ ओलांडून द्यावा, तसे काहीसे ते काम होते.

सर्वांत भांडला तो ‘पऱ्या’. संगमेश्वराकडे पऱ्या म्हणजे पावसाळ्यात खळाळणारा लहान ओढा. यातला अर्धा ‘र’ डोक्यावर चढत नाही, ‘य’ला डावीकडून आडवा बिलगतो. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही. मराठीत मात्र तो नसेल, तर मुंजीच्या घरात ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटले की ‘आचार्याला बोलवा’ हे कळायला मार्ग नाही, आणि पंगतीचे काय होईल ते सांगायला नको. युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. हे कळेपर्यंत माझे पऱ्ये सगळे डोंगरमाथ्यावरून वाहत होते.

अक्षरांचे क्रमांक झाले तरी ते तारेवरून पाठवायचे कसे, याचीही एक रीत आहे. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी जेवता जेवता ताटाखालच्या कागदावर ती आखली. तिला ‘यूटीएफ-८’ म्हणतात. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक घर लागते आणि मराठी अक्षराला तीन. पानाबरोबर ही रीत वाढप्याने सांगितली नाही, तर पलीकडचे यंत्र त्या तीन घरांत तीन युरोपीय अक्षरे वाचते. मग ‘मांगर’च्या जागी डोक्यावर तिरपा फटकारा मारलेला इंग्रजी ‘ए’, त्यापुढे चार पाय फुटलेले एक वर्तुळ, पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा तेच वर्तुळ, अशी मुंग्यांची रांग दिसते. वाढप्याच्या नियमावलीत एक ओळ घातली, की रांगेतून मांगर पुन्हा उभा राहतो. तसा तो उभा राहताना पाहणे हे या उद्योगातले खरे सुख आहे. घड्याळवाल्या गृहस्थांना जेवणापूर्वी जे होत असेल ते हेच असावे.

२०११ साली मी ही पाने जगासाठी मांडली, ती त्या वेळच्या रूढीप्रमाणे ‘वर्डप्रेस’वर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली चालू केलेली ही आज्ञावली ज्या भाषेत लिहिली आहे, ती ‘पीएचपी’. तिच्या नावातला ‘पी’ मुळात ‘पर्सनल’चा, आणि पुढची दोन अक्षरे ‘होम पेज’ची, १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ यांनी ती प्रसिद्ध केली ती स्वतःच्या घरगुती पानासाठी जमवलेल्या हत्यारांची पेटी म्हणून. म्हणजे जगातल्या कितीतरी मोठमोठ्या दुकानांच्या पायाखाली एका माणसाचा नसता उद्योग आहे. हे मी घरी अनेकदा सांगितले आहे. त्याचा अपेक्षित परिणाम झालेला नाही.

आता वाढप्याविषयी. सुरुवातीला माझ्याकडे ‘अपाचे’ होता. इलिनॉयच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला एक जुना सर्व्हर होता; ते तिथून गेल्यावर त्याला वाली उरला नाही. तो वापरणाऱ्या लोकांनी आपापली ठिगळे त्याला लावली आणि १९९५ साली ती एकत्र शिवून ही गोधडी केली. ‘ए पॅची’ म्हणजे ठिगळांचा, म्हणून अपाचे, असे म्हणतात. अमेरिकेतल्या अपाचे लोकांच्या शौर्याचा आदर म्हणून ते नाव घेतले, असेही त्यांच्यापैकीच सांगतात. मला ठिगळांची कथा अधिक पटते, कारण गोधडीची ऊब मी अनुभवली आहे.

अपाचेची जुनी रीत अशी, की एका पाहुण्यामागे एक वाढपी. पाहुणा हात धुऊन उठेपर्यंत वाढप्याने त्याच्याच पाठीशी उभे राहायचे, मग तो पाहुणा एक घास खाऊन तासभर गप्पा का मारीना. शंभर पानांची पंगत असेल तर हे शोभते. पण १९९९ साली डॅन केगल यांनी प्रश्न टाकला, की एका यंत्राने दहा हजार पानांची पंगत का उठवू नये? आपल्याकडच्या कोणाही अनुभवी वाढप्याने याचे उत्तर दिले असते: वरणाचे एकच भांडे घेऊन पंगतीतून फिरत राहावे, ज्याचा हात पुढे येईल त्याला वाढावे, जो बोलत असेल त्याला सोडून पुढे जावे. इगोर सिसोएव या रशियन गृहस्थांनी हेच केले. २००४ साली त्यांनी आपला ‘एंजिन-एक्स’ प्रसिद्ध केला. नंतर अपाचेनेही ही रीत आत्मसात केली. पण तोवर मी माझी गोधडी घडी करून ठेवली होती.

आमच्या पंगतीला दिवसाकाठी चाळीस पाहुणे येतात. दहा हजारांची सोय कशासाठी, असा प्रश्न घरात उपस्थित झाला. त्याला उत्तर नाही. ज्या दिवशी वाढपी बदलला त्या दिवशी नवी नियमावली लिहून झाल्यावर मी तपासणीचा हुकूम दिला, आणि ‘रचना बिनचूक, परीक्षा यशस्वी’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर उमटली. या वयात आपल्याला कोणी उत्तीर्ण करत नाही. मी ती ओळ आणखी दोनदा उमटवली.

वाढपी प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवतो. रात्री जेवणे झाली की ती नोंदवही वाचणे हा माझा विरंगुळा. कोण, कुठून, केव्हा, काय मागितले, काय दिले. काम झाले तर २००; पान सापडले नाही तर ४०४. या वहीतले बहुतेक पाहुणे माणसे नसतातच. यंत्रे असतात, आणि ती चोर असतात. माझ्या घरात कधी बांधल्याच नाहीत अशा खोल्यांच्या दारांवर जगभरातून रात्रंदिवस टकटक चालू असते. वाढपी शांतपणे ‘४०४’ म्हणतो आणि पुढे जातो. या क्रमांकांत विनोदही आहे. १९९८ च्या एक एप्रिलला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीच्या भांड्यांशी बोलण्याचे नियम गंभीरपणे लिहून प्रसिद्ध केले. त्यात ४१८ या क्रमांकाचा अर्थ ‘मी चहाची किटली आहे’ असा आहे. आमच्याकडे ‘चहा’ नावाचे पान मागणाऱ्याला ४१८ मिळतो. असा पाहुणा वर्षातून एखादाच, पण तो येतो.

मात्र एका क्रमांकाने मला विचार करायला लावले. ‘चूड’ या शब्दाखाली आत्याने एका गृहस्थाची फजिती लिहिली होती, आणि त्या हकीकतीचे मी स्वतंत्र पान केले होते. त्या गृहस्थाच्या नातवाचे पत्र आले, की आमच्या आजोबांचे हे चारचौघांत नको. मागणी रास्त होती. मी पान उतरवले. पण त्या जागी ४०४ द्यावा हे मनाला पटेना. ४०४ म्हणतो, सापडत नाही. होते की नव्हतेच, याविषयी तो काही बोलत नाही. त्याच्या शेजारी ४१० हा क्रमांक आहे, तो कोणी फारसा वापरत नाही. त्याचा अर्थ: होते, गेले, परत येणार नाही. त्या पानाला मी ४१० दिला आहे. हकीकत गेली तरी ती होती, एवढे आत्याचे देणे फेडले पाहिजे.

दोन वर्षांमागे दसऱ्याच्या सुमारास मी अशीच वही वाचत असता आमच्या सौभाग्यवती वाती वळता वळता म्हणाल्या, ‘‘तुम्ही पंधरा दिवस काशीला गेलात तर हे चालेल ना?’’

‘‘चालेल की.’’

‘‘आणि काशीहून परत आलाच नाहीत तर किती दिवस चालेल?’’

प्रश्न चेष्टेचा होता, पण मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पान वाटेत कोणी बदलू नये म्हणून जो दाखला लागतो, तो ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट देते. मी घेतला तेव्हा तो ९० दिवसांचा होता. आता तर २०२९ पर्यंत कोणाचाही दाखला ४७ दिवसांहून मोठा नसावा असे २०२५ साली ठरले आहे. पण तो आपोआप नवा होतो, तेव्हा त्याची काळजी नको. संकेतस्थळाच्या नावाचे भाडे भरलेले होते. यंत्रातले कार्ड आणखी दोन-तीन वर्षे झिजले नसते. मग माझी पेन्सिल इंटरनेटच्या बिलापाशी आली. कायमचा पत्ता मिळावा म्हणून मी महिन्याला थोडे जास्तीचे पैसे भरतो, कारण जगातले जुन्या पद्धतीचे सुमारे ४३० कोटी पत्ते संपत आले आणि त्यांचे मुख्य कोठार २०११ च्या फेब्रुवारीतच रिकामे झाले. तेव्हापासून एकेक पत्ता अनेक घरांत वाटून द्यायची वहिवाट पडली आहे. ते बिल मीच भरतो. तेव्हा उत्तर होते: एक महिना.

आत्याचे शब्द तिच्या आधी किती पिढ्या बोलल्या गेल्या कोणास ठाऊक. वहीत ते वीस-पंचवीस वर्षे राहिले, तिसऱ्या वहीची कड वाळवीने खाल्ली तरी राहिले. माझ्याकडे ते एक महिना राहणार.

हे माझे एकट्याचे दुखणे नाही. ‘जिओसिटीज’ नावाची लोकांच्या घरगुती पानांची एक अफाट वसाहत १९९४ पासून होती. २००९ साली ती एका दिवशी उठली, आणि काही हौशी मंडळींनी रात्रीचा दिवस करून जमेल तेवढी घरे उतरवून घेतली. अमेरिकेतल्या ‘प्यू’ संशोधन केंद्राने २०२४ साली पाहणी केली, तेव्हा २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी जागेवर नव्हती. खुद्द पहिल्यावहिल्या संकेतस्थळाचे पान त्याच्या मूळ पत्त्यावर नव्हते. ‘सर्न’ने ते २०१३ साली पुन्हा तिथे मांडले.

मग मी जे केले ते माझ्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध होते. मी यंत्रातली हत्यारे एकेक करून काढायला लागलो. वर्डप्रेसची रीत अशी, की पान मागितले म्हणजे आत पीठ मळण्यापासून सुरुवात. प्रत्येक पाहुण्याला गरम पोळी मिळते खरी, पण त्यासाठी चूल सदोदित पेटती हवी, आणि चुलीपाशी कोणीतरी हवे. दर आठवड्याला कुठला तरी भाग नवा करावा लागतो, नाहीतर त्या टकटक करणाऱ्यांपैकी एखाद्याला दार उघडे सापडायचे. मी चौदाशे शब्दांची चौदाशे पाने एकदाच भाजून डब्यात भरून ठेवली. खाकरे केले म्हणा. चूल विझवली, कोठीघर बंद केले. वाढप्याला आता काही शिजवायचे नाही, डब्यातून काढून द्यायचे. पुढे सगळ्या वह्यांचा एकच साधा मजकूर केला, कोणत्याही यंत्रात, कोणत्याही टंकात, कशाशिवायही उघडेल असा. चौदाशे शब्द, त्यांचे अर्थ, आणि माणसांच्या सगळ्या हकीकती मिळून तो मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहून लहान भरला. हे पाहून मला जरा वाईटच वाटले.

त्याच्या प्रती चुलत-आते-मामे भावंडांत वाटल्या. एक छापून आत्याच्या गावच्या वाचनालयात ठेवली. सॅन फ्रान्सिस्कोत एका जुन्या चर्चच्या इमारतीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था आहे. ब्रूस्टर केल यांनी ती १९९६ साली काढली. तिला पत्ता दिला की ती पानाचा ठसा उतरवून ठेवते. तिच्याकडे मी चौदाशे वेळा पत्ता दिला. नावाचे भाडे दहा वर्षांचे आगाऊ भरले. एका वेळी त्याहून जास्त घेतच नाहीत.

हे सगळे करताना एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. जितकी काळजी मी आजवर घेत होतो, तितके ते घर माझ्यावाचून उभे राहायला नालायक होत गेले होते. आता ते माझ्यावाचून उभे राहील. आणि संध्याकाळी मला करायला काही उरले नाही. नोंदवही उघडावी, चोरांना ४०४ मिळतो आहे हे पाहावे आणि मिटावी. चालू घड्याळ उघडण्याची मुभा असण्यात जे होते, ते मी स्वतःच्या हाताने संपवले होते. मला यात शहाणपण केल्याचा आनंद काही केल्या होईना.

अशा वेळी माझी पुतणी दिवाळीला आली. वय बावीस, संगणकाच्याच शिक्षणात. तिच्या हाती मी किल्ल्यांची चिठ्ठी दिली आणि म्हटले, ‘‘यात काही करायचं नाही. फक्त दहा वर्षांनी भाडं भर.’’ तिने ती चिठ्ठी वाचली, फळीपाशी गेली, लाल अक्षरे वाचून हसली आणि रात्री जेवणानंतर माझ्या खुर्चीत बसली. अकरा वाजता मी डोकावलो तर म्हणाली, ‘‘काका, एंजिन-एक्स कशाला हवा? कॅडी लावू या. तो दाखला स्वतःच आणतो, स्वतःच नवा करतो. नियमावली चार ओळींत होते.’’

‘‘अगं, चालतंय ना ते!’’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. ती करुणा मी ओळखतो.

त्या रात्री मला झोप चांगली लागली. वाटेत अडगळ नको म्हणून मी सगळे काढून ठेवले होते. पण नुसते भाडे भरायला कोणी दहा वर्षे लक्षात ठेवत नाही. चार स्क्रू ढिले असले की माणूस परत येतो. सकाळी उठून पाहतो तो संकेतस्थळ चालू, वाढपी नवा, नियमावली खरोखरच चार ओळींची, आणि ‘चहा’ मागितला की अजून किटली उत्तर देत होती. तेवढे तिने राखले होते. ४१० मात्र ४०४ झाला होता. तो का हवा हे मी तिला सांगितले. तिने आत्याला पाहिले होते ते तीन वर्षांची असताना. ती थोडा वेळ गप्प बसली आणि पाचवी ओळ घातली.

तेव्हापासून चौथी वही, जी अर्धी राहिली होती, तिच्यात भर पडू लागली आहे. मस्कतला असलेल्या, मूळच्या देवरुखाच्या एका गृहस्थांचे पत्र आले होते, की तुमचा ‘पऱ्या’चा अर्थ अपुरा आहे. पुतणीने त्यांना मला न विचारताच उत्तर लिहिले. पऱ्या व्हाळाला मिळतो की व्हाळ पऱ्याला, आणि उन्हाळ्यात सुकला तर त्याला पऱ्या म्हणायचे की नाही, यावर दोघांचे सध्या जोरात चालले आहे. परवा तिने मला फोन करून विचारले, ‘‘काका, आत्याच्या घरामागचा तो कुठून यायचा हो?’’ मी सांगितले. ते आता पानावर आहे.